रंग दिसला की हात मागे

मित्रांनो, मी गेमची एक जुनी तबकडी आहे आणि सध्या फार वैतागलेली आहे. माझ्या पोटात एक अख्खा ग्रह आहे. धुळीचा, उजाड, दऱ्याखोऱ्यांचा. त्या ग्रहावर दोन शिलेदार उतरतात, राक्षसांना गोळ्या घालतात आणि राक्षस आडवे झाले की त्यांच्याजवळच्या बंदुका, चिलखते वेचतात. मारा, वेचा, पुन्हा मारा, असा हा खेळ. माझे नाव ‘धूळग्रह’. नाव ठेवणाऱ्याने फार डोके चालवलेले दिसत नाही.

स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात. पण दुसरे कोणी करत नसेल तर काय करावे? मी जोडीने खेळायचा खेळ आहे. पडद्याचे दोन भाग होतात आणि दोन माणसे एकाच कोचावर बसून एकाच संकटात सापडतात. एक जण गोळी लागून पडला तर तो लगेच मरत नाही. तो गुडघ्यावर बसून मदतीची वाट पाहतो. दुसऱ्याने धावत येऊन त्याला हात दिला की तो उठतो आणि पुन्हा लढू लागतो. ज्या कोणाला हे सुचले त्याचे भले होवो.

बाकीच्यांचे काय करायचे ते तुम्हीच ठरवा. त्यांनी माझ्यात लाखो बंदुका कोंबल्या, आणि एक दुसरीपेक्षा फक्त तसूभर बरी! पोतडी भरली की खेळणारे भर लढाईत थांबतात आणि मंडईत वांगी निवडावीत तशा बंदुका निवडत बसतात. अक्षरे मुंगीएवढी. गोष्ट विचाराल तर चार ओळींत संपते. शेवटचा राक्षस मारला तरी खेळ काही संपत नाही. तोच राक्षस पुन्हा जिवंत होतो आणि हे पुन्हा त्याला मारायला जातात, का, तर त्याने मागच्या वेळी चांगली बंदूक दिली नाही म्हणून. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे जमिनीवर जे पडेल ते आधी हात लावील त्याचे. लढायचे जोडीने आणि लुटताना मात्र ज्याचा हात चपळ त्याचे फावते. जोडीचा खेळ असा बनवतात का?

याचा परिणाम मी माझ्या पहिल्याच घरात पाहिला. ॲडलेड शहरातल्या दोन भावांनी मला वाजतगाजत घरी आणले होते. थोरला जीव तोडून लढायचा आणि धाकटा त्याच्या मागे मागे फिरून सगळे वेचायचा. एक दिवस दोघांत अशी जुंपली की धाकट्याने मला यंत्रातून ओढून काढले आणि भिंतीवर फेकले. त्यानंतर कित्येक महिने मी त्यांच्या टेबलावर गरम कप ठेवायला वापरली जात होते. माझ्या अंगावरचे ओरखडे आणि कॉफीचे गोल डाग तेव्हाचे आहेत. शेवटी त्यांनी मला जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकले, तेही फुटबॉलच्या खेळाच्या डबीत घालून.

तिथून मला फोतिनीने उचलले. ही कूबर पेडी या वाळवंटातल्या खाणगावच्या दवाखान्यातली परिचारिका. वडिलांबरोबर राहते. तिचे वडील लेफ्तेरी म्हणजे ओपल या रंगीबेरंगी रत्नाच्या खाणीत उभा जन्म घालवलेला ग्रीक म्हातारा. त्यांचे घर टेकडीच्या पोटात कोरलेले आहे. बाहेर उन्हाने माश्यासुद्धा बसून राहतात, आत मात्र पंखाही लागत नाही. मला वाटले, चला, आता तरी निवांतपणा मिळेल. कुठला निवांतपणा?

या घरात मला एका भांडणावरचे औषध म्हणून आणले होते. लेफ्तेरीचा जोडीदार रादोये हा सर्बियाचा. दोघांनी मिळून सव्वीस वर्षे खाण खणली. इथली रीत अशी की एकाने खाली खणायचे आणि दुसऱ्याने वर दोर आणि बादली सांभाळायची. खालच्याला दगडात रंग दिसला, म्हणजे ओपल चमकला, की त्याने हात मागे घ्यायचे आणि ‘रंग!’ म्हणून हाक मारायची. जोडीदार उतरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत त्या दगडाला बोटसुद्धा लावायचे नाही. शाळेत घातले नाही तरी चालेल, पण इथल्या मुलांना ही रीत आधी शिकवतात.

गेल्या हिवाळ्यात लेफ्तेरी खाली होता. त्याला खाणीच्या भिंतीत अंगठ्याएवढा एक खळगा सापडला, रिकामा, जणू त्यातला ओपल कोणीतरी आधीच काढून घेतला असावा. त्याने तो रादोयेला दाखवला आणि म्हणाला, “हा असाच होता.” रादोयेने खळग्यात बोट घालून पाहिले आणि नुसते “हं” म्हणाला.

बस, एवढेच. त्या एका ‘हं’वर सव्वीस वर्षांची जोडी फुटली. दोघे वेगवेगळे झाले. तेव्हापासून लेफ्तेरी एकटाच खाणीत उतरत होता. वर दोरावर कोणी नाही, हाक ऐकायला कोणी नाही. अपघातानंतर खाणीतून वर काढलेली माणसे फोतिनीने दवाखान्यात पाहिली होती. रोज संध्याकाळी बापाची गाडी येईपर्यंत ती दारात उभी राहायची आणि गाडी आली की काहीच झाले नाही अशा चेहऱ्याने कांदा चिरायला बसायची. मला ते पाहवत नसे.

मग तिने एक थाप मारली. रादोयेला जाऊन म्हणाली, “काका, बाबांसाठी गेम आणलाय, पण तो एकट्यानं चालतच नाही. दुसरा माणूस बसला नाही तर यंत्र सुरूच होत नाही.”

काय सांगू तुम्हाला, मला इतका राग आला! मी एकट्यानेही चालते. उत्तम चालते. डबीवर तसे छापलेले आहे. पण ती डबी फुटबॉलची होती, त्यामुळे माझी बाजू मांडायला कोणी नव्हते.

रविवारी दुपारी रादोये आला. हातात भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीची बरणी होती. ती त्याने लेफ्तेरीला न देता फोतिनीला दिली आणि कोचाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघांच्या मध्ये एक म्हैस बसेल एवढी जागा. असे दोन वीर माझ्या नशिबी आले. एकाचा चष्मा नाकावर तर दुसऱ्याचा कपाळावर.

आणि दोघे एकमेकांशी बोलत नव्हते!

“फोतिनी,” रादोये म्हणाला, “तुझ्या बाबांना सांग, डावीकडून एक येतोय.”

“बाबा, डावीकडून एक येतोय.”

“त्याला सांग, मला डोळे आहेत.”

तोवर डावीकडच्याने लेफ्तेरीला आडवे केलेले असायचे. लेफ्तेरी गुडघ्यावर, पडद्यावर घड्याळ उलटे पळतेय आणि रादोये शेजारी उभा राहून आभाळ बघतोय.

“काका, उचला ना त्यांना!”

“आधी ते ‘उचल’ म्हणू देत.”

“बाबा, म्हणा ना!”

“मी बरा आहे खाली,” लेफ्तेरी म्हणायचा आणि मरायचा.

सलग तीन रविवार मी हे सहन केले. मित्रांनो, माझ्यावर चांगले चांगले खेळून गेले आहेत. माझ्या पहिल्या दरीतून लहान मुलेसुद्धा पंधरा मिनिटांत बाहेर पडतात. हे दोघे तिथेच मुक्कामाला. बरे, लुटीचे तरी काही असावे! राक्षस पडला, त्याची बंदूक जमिनीवर आली, की दोघे लांब उभे. रादोयेला वाटायचे, मी घेतली तर हा म्हणेल हावरट. लेफ्तेरी तर जमिनीवरच्या वस्तूजवळही जात नसे. मी बंदुका उधळतेय आणि उचलायला कोणी नाही. मला रडू यायचे बाकी होते.

चौथ्या रविवारी मात्र लेफ्तेरी वाट चुकून एका गुहेत शिरला आणि तिथली पेटी त्याच्याकडून उघडली गेली. पेटीतून सोनेरी उजेड वर आला आणि एक सोन्याची बंदूक बाहेर पडली.

आता तुम्हाला सांगते, ती सोन्याची बंदूक मी सहसा कोणाला देत नाही. ती मिळावी म्हणून लोकांनी माझ्यापुढे रात्रीचा दिवस केलेला आहे. आणि ती या म्हाताऱ्याच्या पायाशी पडली! फक्त एक बटण दाबायचे होते. मी श्वास रोखून वाट पाहू लागले.

लेफ्तेरीने हातातले बटणांचे यंत्र मांडीवर ठेवले, दोन्ही हात वर केले आणि खाणीत मारायची तशी खणखणीत हाक मारली, “रंग!”

“थांब, आलो!” रादोये ओरडला.

वर्षभरात तो त्याच्याशी थेट बोललेला हा पहिला शब्द होता. पण त्याचे भान दोघांनाही नव्हते. रादोये निघाला. दरीत पडला, वर चढला, चुकीच्या गुहेत गेला. “कुठं आहेस?” “लाल खडकाच्या मागं!” “सगळेच लाल आहेत रे!” इकडे राक्षस गुहेत शिरले. लेफ्तेरी जागचा हलला नाही. गोळ्या लागत होत्या, तरी तो बंदुकीपासून दोन पावलांवर उभा. शेवटी गुडघ्यावर आला. घड्याळ पळू लागले. मी मनातल्या मनात किंचाळत होते, अरे उचल की, उचल!

रादोये धापा टाकत गुहेच्या तोंडाशी पोचला तेव्हा घड्याळ संपले होते. लेफ्तेरी गेला, मागोमाग रादोयेही गेला आणि सोन्याची बंदूक नाहीशी झाली.

“बाबा!” फोतिनीने कपाळाला हात लावला. “एक बटण! एकच बटण दाबायचं होतं!”

“असं कसं?” लेफ्तेरी चिडून म्हणाला. “त्यानं अजून पाहिलं कुठं होतं?”

माझे कर्कश संगीत तेवढे वाजत होते, ते मलाच नकोसे झाले. रादोयेने चष्मा काढला. बराच वेळ तो शर्टाच्या टोकाने काच पुसत राहिला.

“तो खळगा,” तो म्हणाला, “रिकामाच होता?”

“रिकामाच होता.”

“मग वर्षभर सांगितलं का नाहीस, गाढवा?”

“सांगितलं होतं. तू ‘हं’ म्हणालास.”

रादोयेचा चेहरा पडला. खोट्या ग्रहावरची खोटी बंदूकही ज्याने जोडीदाराला दाखवल्याशिवाय घेतली नाही, त्याच्यावर आपण खऱ्या दगडाचा संशय घेतला, हे त्याला कळले असावे. मला तर लख्ख कळले. माझ्या पहिल्याच दरीत पडून राहिलेला हा म्हातारा मला त्या क्षणी फार आवडला.

“उद्या उतरणार आहेस?” रादोयेने विचारले.

“उतरणार.”

“दोरावर कोण आहे?”

लेफ्तेरीने मांडीवरचे यंत्र उचलून बाजूला ठेवले.

“साडेसहाला येतो,” रादोये उठत म्हणाला. “कॉफी करून ठेव. आणि साखर घाल तिच्यात, मेल्या, माती पितोयसं वाटतं.”

फोतिनी पटकन आतल्या खोलीत गेली. ती का गेली हे दोघांनाही समजले, पण दोघांनीही पडद्याकडे पाहत काही न समजल्याचा आव आणला.

अजूनही दर रविवारी ते खेळायला बसतात. आता एकमेकांवर ओरडतात, आणि मरतात मात्र तितकेच. पहिली दरी अजून ओलांडलेली नाही. मी पुरती वैतागले आहे, आणि खरे सांगायचे तर मला आता दुसऱ्या घरी जायचे नाही.

मित्रांनो, तुम्हीही माझ्यासारख्या खेळांत रमत असाल. जरूर रमा. तबकडीला कडेने धरा आणि मऊ कापडाने पुसा. पण एक ध्यानात ठेवा. माझ्या ग्रहावर मेलेला माणूस मी पुन्हा उभा करते. तेवढे मला येते. जमिनीखाली उतरलेल्या माणसासाठी असे काही कोणी बनवलेले नाही. तिथे दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूसच लागतो. म्हणून तुमचे कोणाशी वाजले असेल आणि तो आज एकटाच उतरणार असेल, तर आधी जाऊन त्याचा दोर धरा. भांडण काय, तो वर आल्यावरही करता येते.