डोलणारी मान

चमचा कपाच्या काठाला लागला आणि दोन आवाज झाले. एक डाव्या कानात, चमच्याचा, लख्ख. आणि त्याला चिकटूनच उजव्या कानात दुसरा, किंचित उतरलेला, पोचा पडलेल्या भांड्यासारखा. महेश्वरनं चमचा बशीत आडवा ठेवला, हलक्या हातानं, पुन्हा वाजू नये म्हणून, आणि तो चहाकडे बघत राहिला. न ढवळता प्यायची सवय एव्हाना करून घ्यायला हवी होती... पण चमच्याचं एवढं काही नाही. चमचा बेसूर झाला तर कुणाचं काय बिघडतं.

गेल्या वर्षीच्या तापानंतर हे सुरू झालं. ताप गेला, अशक्तपणा गेला, आणि एका सकाळी शेजारच्या घरातली सनई ऐकून त्याला वाटलं, दोन घरांत दोन रेडिओ लागलेत आणि एकाचा सेल संपत आलाय. सात रस्ता चौकातल्या डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून बरंच काही तपासलं होतं. “ऐकू सगळं येतंय,” ते म्हणाले होते, “पण उजवा कान प्रत्येक सूर जरा उतरवून सांगतोय. काहींचं आपोआप जुळतं. काहींचं नाही जुळत. वाट बघू.” घरी येऊन त्यानं बायकोला, सिद्धेश्वरीला सांगितलं, कान ठीक आहे म्हणाले. असं का सांगितलं? पायऱ्या चढताना तर खरंच सांगायचं ठरलं होतं. पण दार उघडताना तिनं इतक्या काळजीनं बघितलं की तोंडातून तेच निघालं, आणि एकदा निघाल्यावर ते मागं घेणं रोज थोडं थोडं अवघड होत गेलं.

भवानी पेठेत खाली त्याचं चादरी-टॉवेलचं दुकान, वर घर. पण गावात त्याला ओळखत ते दुकानामुळे नव्हे, मानेमुळे. संगीत मंडळाच्या बैठकीत पुढच्या रांगेत डावीकडे त्याची जागा. गवयानं एखादी जागा घेतली की महेश्वरची मान सावकाश कलायची, डोळे मिटायचे, आणि मग मागच्या रांगांमधून आहा उठायचा. एकदा धारवाडकडच्या एका वृद्ध गायकानं गाणं थांबवून त्याच्याकडे बघत हात जोडले होते.

आणि आता? आता तो तबलजीच्या हनुवटीकडे बघतो. हनुवटी वर झाली की सम आली, मान हलवायची. गाणाऱ्याचा हात हवेत थोडा जास्त रेंगाळला की काहीतरी सुंदर झालं असणार, डोळे मिटायचे. कानांत तेव्हा चाललेलं असतं ते... एकाच वेळी गाणारी दोन माणसं, एक जाणती आणि एक दारू प्यालेली, आणि दुसरीनं पहिलीचा पदर काही केल्या सोडू नये. वर्षभर त्यानं हे निभावलं आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. पकडले जाण्याची भीती होतीच. पण न पकडले जाण्यानं त्याला जास्त लागलं होतं. म्हणजे आधीही हे लोक माझी मानच बघत होते का? मी खरं ऐकत होतो तेव्हाही?

स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. नुसता थापल्याचा, गाण्याचा नाही.

हे आठवलं की त्याला चहासुद्धा नकोसा व्हायचा. सिद्धेश्वरी कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची. आईकडून ऐकलेली कन्नड वचनं, भक्तीची पदं, ती भाकऱ्या करताना गायची, कुणाला ऐकवायला नाही, हात चालू असताना श्वास चालू असतो तशी. तापानंतर ती गायला लागली की तो उठायचा. खाली दुकानात काहीतरी काम काढायचा, गॅलरीत जाऊन उभा राहायचा. तिचा आवाज असा चिरफाळलेला ऐकणं त्याला सोसत नव्हतं. बाकी सगळ्यांचं चाललं असतं, तिचं नाही. मग कधीतरी ती गायची थांबली. नक्की कधी, हे त्याला सांगता आलं नसतं. थांबल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या सुटण्याची त्याला अजून लाज वाटत होती.

फोन वाजला, मृत्युंजयचा होता. मृत्युंजय मंडळाचा चिटणीस, कॉलेजात शिकवतो, उत्साही माणूस. “अण्णा, संध्याकाळी येताय ना? वहिनींना पण आणा. पुण्याहून दोघं आलेत. फ्री जॅझ. राग नाही, ताल धरलेला नाही, आधी काही ठरवायचंच नाही म्हणे. मला सुद्धा काही कळत नाही त्यातलं. पण सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मुलीचं आजोळ आपल्याच जिल्ह्यातलं, तिनं स्वतः विचारलं, नाही कसं म्हणायचं? तुम्ही पुढं बसलात म्हणजे लोक बसतील.”

तुम्ही पुढं बसलात म्हणजे... महेश्वरनं हो म्हटलं. नाही म्हणायला कारण लागतं.

सभागृह वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं, पंखे आवाज करणारे, खुर्च्या लोखंडी. ऊन अजून खिडक्यांवर होतं. सिद्धेश्वरी त्याच्या डाव्या बाजूला बसली. हल्ली तो तिला नेहमी डावीकडेच बसवायचा. मागच्या रांगेत गुरुबसप्पा होते, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांची बोटं कुठल्याही गाण्यात मांडीवर ताल मोजत असत. मंचावर एक उंच मुलगा ड्रमच्या मागे आणि आरोही नावाची ती मुलगी, गळ्यात पितळी वाद्य, लग्नाच्या बँडमध्ये असतं तसलंच. ती म्हणाली, “आम्ही काही ठरवून आलेलो नाही. आत्ता इथं सुचेल ते वाजवू. मधेच उठून जावंसं वाटलं तर खुशाल जा, आम्हाला वाईट वाटणार नाही.”

लोक हसले. मग तिनं वाजवायला सुरुवात केली आणि हसणं थांबलं.

आधी नुसती हवा आली. नळीतून जाणारी, सूर न झालेली हवा. मग एक चिरका आवाज, तुटला. दुसरा, खालचा, त्याचा पहिल्याशी काही संबंध नाही. ड्रमवाल्यानं झांजेवर काठी घासली. महेश्वरची नजर सवयीनं त्याच्या हनुवटीवर गेली — पण हनुवटी कुठंच वर होत नव्हती, सम नव्हतीच. कशावर मान हलवायची ते दाखवणारं काही समोर नव्हतं. आज कळणार सगळ्यांना. मागून कुणीतरी खाकरलं. कुणाचा तरी फोन वाजला आणि लगेच बंद झाला. गुरुबसप्पांची बोटं मांडीवर काही मोजू बघत होती, चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून धरत होती. आणि मग त्याला पाठीवर जाणवलं, ऊन जाणवावं तसं — लोक त्याच्याकडे बघत होते. रडायचं की हसायचं, चांगलं आहे की थट्टा आहे, हे त्यांना त्याच्या मानेवरून ठरवायचं होतं.

त्यानं मान हलवली नाही. हलवण्यासारखं काही सापडेना म्हणून नाही हलवली, एवढंच. आणि मान तशीच राहिल्यावर काही क्षणांनी त्याच्या लक्षात आलं की खांदे खाली आलेत. जबडा सैल झालाय. या आवाजांतला कुठला बरोबर आणि कुठला उतरलेला, हे तो तपासत नव्हता... तपासायला बरोबरचा सूर आधी माहीत लागतो, आणि इथं तो कुणालाच माहीत नव्हता, त्या मुलीलासुद्धा नाही. उजवा कान जे सांगत होता ते सांगत होता. इतक्या सगळ्या चिरक्या, घोगऱ्या, धावत्या आवाजांत त्याचाही एक. खपून गेलं. वर्षभरात पहिल्यांदा मी ऐकत बसलोय, त्याला वाटलं, नुसता, मुंजीच्या जेवणात पाहुण्यांच्या पोरांनी बसावं तसा, ज्यांना कुणी काही विचारत नाही.

मागे खुर्ची सरकली. गुरुबसप्पा उठले होते, आणि खुर्चीचे लोखंडी पाय फरशीवर करकरत लांबपर्यंत गेले. आरोहीनं डोळे उघडले. तिनं तो करकर आवाज जसाच्या तसा सॅक्सोफोनमधून काढला, मग थोडा ओढून, मग वर नेऊन त्याला शेपटी जोडली. ड्रमवाल्यानं खुर्ची आपटल्यासारखा एक ठोका दिला. सगळे हसले.

“आता खुर्चीबी गायला लागली व्हय,” गुरुबसप्पा उभ्याउभ्याच म्हणाले, आणि जायचं होतं ते विसरून, स्वतःच हसत, खाली बसले. त्यांनी बसतानाही खुर्ची जरा सरकवली. मुद्दाम, महेश्वरला वाटलं. आरोहीनं ती करकरही घेतली. त्यानंतर सभागृहातली माणसं वेगळ्या तऱ्हेनं बसली होती, पुढे वाकून, मोजणं सोडून. एकदोघे उठून गेलेही. त्यांच्याकडे कुणी रागानं बघितलं नाही.

आणि मग ते आलं. मुलीनं एकच श्वास धरला, बोटं हलली नाहीत, आणि त्या एका नळीतून दोन सूर निघाले. एक वरचा, आणि त्याला चिकटून, किंचित उतरलेला, खरखरीत, दुसरा. एकमेकांवर घासत, थरथरत, दोघंही तिथंच थांबलेले. महेश्वरचे खांदे पुन्हा वर चढले. आलं. इतका वेळ खपून गेलं होतं ते आता उघडं पडलं, उजवा कान पुन्हा बिघडलेला कान झाला... त्यानं उजवा कान तळहातानं दाबला. दोन सूर होतेच. डावा दाबला. तरीही दोन.

तो सिद्धेश्वरीकडे वळला. बोलायचं असं काही ठरवलेलं नव्हतं.

“किती सूर येतायत?” त्यानं विचारलं.

तिनं त्याच्याकडे जरा नवलानं बघितलं, आणि घरच्या बोलीतच, कुजबुजत म्हणाली, “एरडु.” मग त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून मांडीवर दोन बोटं धरली. “दोनच की. मला वाटलं मलाच तसं ऐकू येतंय.”

तो समोर बघायला लागला. मुलीचा श्वास संपेपर्यंत ते दोन सूर तसेच होते, आणि ते तिलाही येत होते, गुरुबसप्पांनाही, मृत्युंजयलाही, भिंतीलाही. माझ्या डोक्याबाहेर. वर्षभर मी एकटा जिथं राहत होतो तिथं ही सगळी मंडळी आत्ता येऊन बसलीत आणि कुणी घाबरलेलं नाही... त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यानं ते पुसलं नाही, कारण लोकांना ती दाद वाटली असती तरी आज ते खोटं नव्हतं.

वाजवणं थांबलं तेव्हा ते संपलं की नाही ते कुणाला कळेना. पंखे तेवढे चालू होते. मग टाळ्या झाल्या, विस्कळीत, कुठून कुठून, त्याच्या टाळीआधीच. मृत्युंजय नेहमीसारखा माईक घेऊन त्याच्याकडे आला. “अण्णा, दोन शब्द.”

महेश्वर उभा राहिला. दरवेळी तो घराणं सांगायचा, आधी ऐकलेल्या कुणाची तरी आठवण सांगायचा. “मला काही कळलं नाही यातलं,” तो म्हणाला. “पण लई बरं वाटलं.”

सगळ्या सभागृहानं एकदम श्वास सोडल्यासारखं झालं. मागून गुरुबसप्पा म्हणाले, “मलाबी तेच म्हणायचं होतं.” मंचावर ती मुलगी हसत होती.

घराकडे ते चालत निघाले. अजून पुरता अंधार झाला नव्हता, दुकानांचे दिवे लागत होते. सिद्धेश्वरी म्हणाली, “खरं बोललाव, का तिच्या समाधानासाठी?”

“खरं.” आणि मग, पाय थांबू न देता, कारण थांबलो तर सांगणार नाही हे त्याला माहीत होतं, त्यानं सांगितलं. ताप, सनई, डॉक्टर नेमके काय म्हणाले ते. तबलजीची हनुवटी. ती गायला लागली की गॅलरीत का जायचा ते. एक रिक्षा जवळून गेली तेव्हा तिनं त्याचा दंड धरून त्याला आत घेतलं आणि पुन्हा हात सोडला.

बरंच चालल्यावर ती म्हणाली, “मला वाटलं माझा आवाज गेला.”

“नाही.”

“मी काशम्माला सुद्धा विचारलं. म्हटलं, मी बेसूर गाते का गं आता? ती म्हणाली, तुला काय झालंय. पण मला वाटलं, जाऊबाई आहे, तोंडावर कशी सांगेल. तुमचा कान खोटा असंल हे मनात सुद्धा आलं न्हाय.” ती थांबली. “सांगायचं की.”

“हो.”

“नुसतं हो काय.”

तिच्या आवाजात राग होता, आणि रागाखाली आणखी काहीतरी, सैल होत चाललेलं, जे त्याला दोन्ही कानांनी एकसारखंच ऐकू आलं. बोलण्याचं तसं होतं; बोलणं कधी फार बिघडलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाट घेऊन बसला. ती ओटा पुसत होती. “म्हण की एखादं,” तो म्हणाला.

“मी गायले तर तुम्हाला कसं ऐकू येईल?”

“दोन तू.”

तिला हसू आलं, ते तिनं पाठ फिरवून लपवलं. “आज न्हाय. आज मला राग आलाय,” ती म्हणाली, आणि फडकं पिळून दोरीवर टाकलं.

तिचं बरोबर होतं. उद्या म्हणेल, की पुढच्या आठवड्यात, की आणखी रुसेल... आणि म्हणेल तेव्हा ते वाईटच ऐकू येणार होतं, जाणती बाई आणि तिचा पदर न सोडणारी दुसरी, त्यात काही फरक पडला नव्हता. यातली कुठली सिद्धेश्वरी हे कदाचित त्याला कधीच नीट सांगता येणार नव्हतं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मान हलवायची की नाही, हेही ठरलेलं नव्हतं. पण तो पाटावरून उठला नाही. काहीतरी ऐकायला मिळावं म्हणून वाट बघत बसणं — हे किती दिवसांनी होत होतं — आणि ते चालू असतानाच, अजून काहीही वाजलेलं नसताना, त्याचं सगळं अंग कान देऊन बसलं होतं, न घाबरता.