दक्षिणेचा अभ्रक

सरांच्या पत्नी चंद्रव्वांनी कडी काढली, पण लीलाला लगेच आत घेतलं नाही. त्या स्वतःच पायरीवर आल्या आणि मागं दार लोटून घेतलं.

"मुंबईला काय झालं, ते मला आदी सांगा, लीलाबाई. सरांच्या बाजूचं न्हाय निघालं की?"

लीलानं नकारार्थी मान हलवली.

"मग आज त्येंना सांगू नका. लई दुखालंय छातीत त्येंच्या. मनाला लावून घेऊ नका म्हणलंय डाक्टरांनी."

बसलिंगप्पा सरांकडे शिकूनच लीला आता त्यांच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होती. चांद्याकडच्या एका खोऱ्यात, अतिप्राचीन काळी बर्फानं ओढून आणलेल्या दगडगोट्यांचा थर आहे. ते बर्फ उत्तरेच्या डोंगरांतून आलं, असं सरांनी ऐन उमेदीत मांडलं होतं आणि जन्मभर शिकवलं होतं. त्या थरातला अभ्रक वेचून लीला त्याचं वय काढायला मुंबईच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली होती. उत्तरेचे खडक दीडशे कोटी वर्षांचे. अभ्रक निघाला अडीचशे कोटींचा. एवढे जुने खडक दक्षिणेतच होते, म्हणजे बर्फ तिकडून आलं होतं.

लीला आत गेली, तेव्हा सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. तिला पाहताच त्यांनी चष्मा लावला.

"बोल."

"यंत्र बिघडलं होतं, सर. परत जावं लागेल."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या चंद्रव्वांकडे. त्या पदराला हात पुसत होत्या. हात कोरडेच होते.

"हिनं सांगितलं ना तुला असं म्हणायला? किती निघालं वय?"

लीलानं खाली बघत आकडा सांगितला.

सरांनी तळवा चादरीवर टेकवला आणि बर्फासारखा सावकाश पुढे सरकवला. चादरीच्या चुण्या हातापुढे गोळा होत गेल्या. तसंच त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "लिहून टाक. माझं चुकलं, तेही स्पष्ट लिही."

सर हसले आणि बायकोकडे वळले.

"ऐकलंस? आमचे दगड तुझ्या माहेराकडचे निघाले की. धारवाडच्या बाजूचे."

"व्हय," चंद्रव्वा म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तिकडं चला म्हणलं, तर कदी येळ न्हवता तुमाला."

सरांनी चष्मा काढला. ते भिंतीकडे सरकले आणि पलंगावर चंद्रव्वांसाठी जागा केली.