चार पायांचा तारा

"ज्या दगडाचं नाव ठाऊक नाही, तो लेकराच्या उशाशी ठेवू नकोस बाई," असं आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मला दोनदा म्हणाल्या होत्या. पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा नुसतं 'बरं' म्हटलं आणि दगड माझ्या लेकीच्या, विनुदीच्या, उशीच्या अभ्र्यात आणखी आत सरकवला. पेरादेणियाच्या विद्यापीठात चार वर्षं इतिहास शिकलेल्या मुलीने असलं काही मानायचं नसतं, असं मला वाटे. शिवाय माझा विचार सरळ होता. आमच्या श्रीलंकेतल्या रत्नपुरात रत्नांसाठी चोर कपाट फोडतात, तांदळाचा डबा उपसतात, बुद्धाच्या तसबिरीमागेही हात घालतात. पण पाच महिन्यांच्या बाळाची लाळेने ओली झालेली उशी कोण उचलणार?

दगड सापडला होता माझ्या मामंजींना. आमच्याकडे रत्नांच्या खाणीतली खडी काही आठवडे साठवतात आणि एका दिवशी सगळी धुतात. टोपली पाण्यात गरागरा फिरवायची, माती वाहून जाते, आणि तळाला राहिलेल्या मूठभर खड्यांवर ज्याची नजर फिरते त्याच्यावर सगळ्यांची भिस्त. चाळीस वर्षं ती नजर मामंजींची होती. एका धुण्याच्या दिवशी त्यांनी टोपलीतून एक हिरवट दगड उचलला, बोराएवढा, आणि म्हणाले, "हा वेगळा आहे."

खाणीचे मालक लीलसेन मुदलालींनी तो उन्हात धरला. "आर्यपालदादा, हा सोड्याच्या बाटलीचा तळ आहे. घरी न्या, नातीला खेळायला होईल."

"आत तारा आहे," मामंजी म्हणाले. "चार पायांचा."

मग तर हसण्याला ऊतच आला. इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, की नीलमातल्या ताऱ्याला, म्हणजे उजेडाच्या चांदणीला, सहा पाय असतात. "चार पायांचं ते मांजर असेल दादा, नीट बघा, शेपूटही दिसेल." मामंजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी निरोप आला. पुढच्या धुण्याला टोपली मुदलालींचा भाचा धरेल. दादांनी पंपाजवळ सावलीत बसावं.

मामंजींनी दगड आमच्या गल्लीतल्या घासणाऱ्याकडून एका बाजूने सपाट, दुसरीकडून गोल करून आणला, माझ्या हातात दिला आणि त्याचं नावच काढलं नाही. पण तांदूळ निवडायचं काम, जे ते रोज सकाळी चहाबरोबर हौसेने करत, ते त्यांनी सोडलं. सूप माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तूच बघ पोरी. माझ्या डोळ्यांचा आता भरवसा नाही." ते वाक्य माझ्या मनातून जाईना. नवरा कुरुनेगलला नोकरीला, घरात मी, बाळ आणि हे दोघं. मी दिवसभर त्यांना पाहत होते. माणूस रोज थोडा थोडा लहान होत होता.

पुढचं खडीचं धुणं सात आठवड्यांनी, शुक्रवारी होतं. मंगळवारी मी बाजाराच्या रस्त्यावर तीन दलालांना दगड दाखवला. पहिला म्हणाला काच. दुसरा म्हणाला, "काचच, पण छान काच." तिसऱ्याने दोनशे रुपये देऊ केले, "बाळाच्या हसण्याचे." मी घरी काही सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी लसीकरणाचं निमित्त सांगून निघाले. दगड विनुदीच्या लोकरी टोपीच्या दुमडीत. बसमध्ये शेजारच्या बाई म्हणाल्या, "एवढ्या उकाड्यात टोपी?" मी म्हटलं, "कान दुखतो तिचा." खोटं बोलताना मी टोपी चाचपली. होता.

रत्नं तपासणाऱ्या नझ्रा मिसची खोली घड्याळाच्या दुकानाच्या माडीवर आहे. त्या माझ्याहून थोड्याच मोठ्या, डोक्यावर निळा रुमाल, टेबलावर थंड झालेला आल्याचा चहा. मी टोपीतून दगड काढून दिला तेव्हा त्यांनी भुवई उंचावली.

"कोण काय म्हणालं याला?"

"सगळे काच म्हणाले."

"आणि तुम्ही?"

"माझे सासरे काच म्हणत नाहीत."

"मग सासऱ्यांपासून सुरुवात करू," त्या म्हणाल्या.

भिंग लावलं. बराच वेळ. "आत बारीक बारीक रेघा आहेत. एकमेकींना आडव्या. काचेत अशा नसतात." माझ्या काळजाने उडी मारली. मग दोन काळ्या भिंगांमध्ये दगड ठेवून त्यांनी गोल फिरवला. "अंधार. फिरवला तरी अंधारच." तोंड वाकडं केलं. "काचही अशीच दिसते हो." काळीज पुन्हा जागेवर, जागेच्याही खाली. मग सपाट बाजू एका छोट्या यंत्रावर टेकवून आकडा वाचला. "इथेही काच बसू शकते." मी विनुदीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ती मिसच्या पेनकडे हात पसरत होती.

"रडायचं नाही," मिस म्हणाल्या. बाळाला की मला, कळलं नाही.

दगड आधी हवेत तोलला, मग पाण्यात बुडवून तोलला. त्यांनी आकडेमोड केली, पुसली, पुन्हा केली. "नेहमीच्या काचेपेक्षा जड आहे. चांगलाच जड." आता त्यांचाही आवाज बदलला होता. खिडकीचा पडदा ओढला, छोटा दिवा घेतला आणि दगडाची गोल बाजू वर करून त्याच्या बरोब्बर माथ्यावर धरला.

"इकडे या. बाळ माझ्याकडे द्या आणि बघा."

हिरव्या थेंबावर उजेडाच्या दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या. मी मोजले. पुन्हा मोजले. चार पाय.

तोवर मिस बाळ कडेवर घेऊन कपाटाकडे गेल्या होत्या. एक पिवळी पेटी काढली, धूळ पुसली. "हे मी वर्षातून एकदा काढते. बहुतेक वेळा उगाचच." पेटीची नळी दगडाजवळ नेली.

टक. टक टक. टक टक टक टक.

नळी लांब नेली, टकटक विरळ झाली. जवळ आणली, पुन्हा घाई. मिस हसायला लागल्या, अगदी शाळकरी मुलीसारख्या. "एकॅनाइट. ताऱ्याचं एकॅनाइट. अहो, अकरा वर्षांत दुसरं. आपल्याच मातीत पहिल्यांदा सापडलं हे जगात, आणि आपलेच लोक याला बाटली म्हणतात. तुमच्या सासऱ्यांचे डोळे मला उसने हवेत."

"पण हे का वाजतंय?"

"यातून किरणोत्सर्गी किरण निघतात, ते ही पेटी मोजते. अंगावर घालायचा दगड नाही हा, संग्राहक डबीत ठेवतात. असे घेणारे थोडे, पण हट्टी असतात. तारा स्वच्छ आहे, सहा-सात लाख नक्की." मग त्यांचं लक्ष विनुदीच्या टोपीकडे गेलं आणि हसू हळूच ओसरलं. "घरी कुठे ठेवता?"

मी सांगितलं. सात आठवडे. उशीत.

त्यांनी टकटकणारी पिवळी पेटी बंद केली. "घाबरू नका. एवढ्याशा दगडाने एवढ्या दिवसांत सहसा काही होत नाही. पण डॉक्टरांना आजच दाखवा, उशी काढून टाका, आणि हा आता माझ्या लोखंडी पेटीत राहील." मी विनुदीची टोपी काढून टाकली. आत्यांचं वाक्य कानात घुमत होतं. डॉक्टरांनी पुढे रक्त तपासलं, दोनदा. सगळं ठीक निघालं. त्या दुपारी मला ते माहीत नव्हतं. एका हातात मिसनी लिहून दिलेला तपासणीचा कागद आणि एका हातात बाळ, मी आनंदाने आणि भीतीने एकदमच धापा टाकत होते.

घरी आधी आत्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विनुदीला माझ्याकडून घेतलं, तिच्या टाळूला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "आता तरी ऐकशील?" एवढंच. मामंजींनी कागद उलटसुलट करून पाहिला, वाचायला माझ्याकडे दिला, आणि मी 'चार पायांचा तारा' हे शब्द तीनदा वाचून दाखवले.

शुक्रवारी सकाळी ते न खाताच खाणीवर गेले. तासाभराने मीही निघाले. बायकांनी खाणीच्या आवारात पाऊल टाकायचं नसतं आमच्याकडे, म्हणून बांबूच्या कुंपणाबाहेर रस्त्यावर उभी राहिले. मामंजी पंपाजवळ बसलेले दिसले. कागद खिशातच होता त्यांच्या. बोलायचा धीर होत नव्हता.

"लीलसेन मुदलाली," मी कुंपणावरून हाक मारली. "दादांच्या खिशात काय आहे ते बघा."

सगळे थांबले. मुदलालींनी कागद वाचला, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. मामंजी उठून उभे राहिले. "दगड खाणीचा आहे," ते म्हणाले. "तुम्ही काच म्हणालात म्हणून घरी नेला. आता सगळ्यांच्या वाट्यात घाला."

मुदलाली काही वेळ पायाने माती उकरत राहिले. मग भाच्याच्या हातातली टोपली काढून घेतली. "धरा दादा. आणि मांजर दिसलं तरी सांगा, आम्ही हसणार नाही."

त्या दुपारी मामंजींनी दोन नीलम आणि एक पुष्कराज वेचला. रात्री जेवण झाल्यावर सूप स्वतःहून ओढलं, उद्याचे तांदूळ निवडायला. निवडता निवडता हात थांबला.

"असाच एक आधीही मिळाला होता," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली. तेव्हाही सगळे काचच म्हणाले, म्हणून मीही म्हटलं काच. गुणतिलकला देऊन टाकला. त्याने नातीच्या गळ्यात बांधला होता, दृष्ट लागू नये म्हणून."

गुणतिलक त्यांचे खाणीतले सोबती. लेकीकडे गोडकवेलला राहायला गेले. फोन लागत नाही. मी स्वतः जाऊन आले, तर घर बदललेलं. कोणी म्हणालं एंबिलिपिटियाच्या रस्त्यावर कुठेतरी भाड्याने आहेत. मामंजींची नजर या दगडाबद्दल खरी ठरली, म्हणजे त्या जुन्या दगडाबद्दलही खरीच असणार, आणि आता मला झोप येत नाही.

तुमच्यापैकी कोणाचं त्या रस्त्याने जाणं झालं, तर गुणतिलकांची चौकशी करा. उंच, किडकिडीत, डाव्या हाताच्या करंगळीचं टोक नाही. नात आता सात वर्षांची असेल. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात हिरवा मणी असला, तर तो आजच उतरवायला सांगा. आणि ती बरी आहे का, तेवढं बघून मला कळवा.