ह्यो आपला न्हाई

आमचे मालक मच्छिंद्र वीस वर्सांत चाळीसेक वेळा टीव्हीत आले, पण त्यांच्या सख्ख्या आईनं त्यांना एकदाबी ओळखलं न्हाई. फौजदार झाले, सराफ झाले, भटजी झाले, इंग्रजी फाडणारे डॉक्टर झाले. मी बोट लावून लावून दाखवायची, आन् सासूबाई डोळा बारीक करून म्हणायच्या, "ह्यो आपला न्हाई." एकदा तर नुसतं मढं होऊन पडले व्हते. तवा म्हणाल्या, आपला मच्छिंद्र ह्याच्यापरीस उंच हाय.

सेटवरची माणसं ह्याचंच कौतुक करायची. म्हणं, ह्यांना काहीबी करा, ओळखूच येत न्हाईत. मालकांना त्याची लई फुशारकी. पण म्हातारीचं बोलणं जिव्हारी लागायचं. भीमजयंतीच्या नाटकात पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तवा पुढच्या रांगेत बसून हीच माय रडली व्हती. आता काचबिंदूनं तिचा एक डोळा गेलाय, दुसरा जायच्या वाटेवर. मालकांनी शिरूर डेपोतनं पहाटेची गाडी धरायची, मुंबईला जाऊन दोन वाक्यं बोलायची आन् परत यायचं. एकदा मला म्हणाले, तो डोळा जायच्या आत आईनं मला एकदा बघावं, बाकी काय न्हाई.

मागच्या दिवाळीत मोठं काम आलं. नायिकेचा बाप, मार्केट यार्डातला हमाल. वरीसभर चालणार व्हतं. मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवायचा, आवडला तर घेणार. माझ्या सासऱ्याचा जलम शिरूरच्या यार्डात पोती उचलण्यात गेला. मी म्हणलं, आता काय, घरचंच हाय. कसलं काय! तोंड उघडलं आन् निघालं, "व्हय जी, लई ग्वाड प्वार हाय माजी." मान काय हलवत व्हते, मिशी काय पिळत व्हते. पंधरा वेळा काढलं, पंधरा वेळा तोच टीव्हीतला खेडवळ. कारेगावात कंपनीच्या कँटीनला दिवसभर चपात्या लाटून आलेली मी, माझं डोकंच फिरलं. शिरूरात असं कोण बोलतंय? वीस वर्सं टीव्हीसाठी शहरी आहे-नाही घोटून ह्या माणसाची घरची बोली हरवली व्हती.

"तुमचे वडील असं बोलायचे का कवा?" मी म्हणलं. "चाळीस माणसं येतात तुम्हाला. आपलं तेवढं एक येत न्हाई."

तसे भडकले.

"तू मला माझा बाप शिकवती? पाठीचं सालटं गेलं व्हतं त्याचं. पण घरी आला की पहिलं इचारायचा, शाळंत गेला व्हतास का? मी गेलो नसलो तर जेवायचा न्हाई. उपाशी झोपायचा. आन् तू म्हणती, मला येत न्हाई?"

आवाज फाटला. मोबाईल माझ्या हातात चालूच व्हता.

सोळावा व्हिडिओ त्यातल्या त्यात बरा झाला, तो पाठवला. त्यांच्या माघारी भांडणाचाबी पाठवला. कळलं तर आपली काय धडगत न्हाई, हे मला ठावं व्हतं.

चौथ्या दिवशी फोन आला. ऐकता ऐकता मालक माझ्याकडं बघायला लागले. समोरचा म्हणत व्हता, तुमचं काम पक्कं, पण भांडणातला माणूस घेऊन या, दुसरा नको. मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले. त्यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, चहा ठेव, मी दूध आणतो.

पहिला भाग लागला त्या दिवशी सासूबाईंची खुर्ची टीव्हीजवळ सरकवली. ह्या वेळी मी बोट दाखवलं न्हाई, तोंडबी उघडलं न्हाई. मालक मागं दाराशी उभे. पडद्यावर हमालानं पोतं टाकलं, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आन् पोरीला इचारलं, कालेजात गेली व्हतीस का?

सासूबाई पुढं वाकल्या.

"काय गं," त्या मला म्हणाल्या, "ह्याला काय सोंग करता येत न्हाई व्हय? ह्यो तर नुसता आपला मच्छिंद्रच हाय."

मालक दारातच खाली बसले आन् लहान पोरासारखे रडले.