ओर्केताच्या डब्याची दुपारची झोप

आमच्या कंपनीची गुरांच्या औषधांची दुकानं पाराग्वायभर आहेत. या दुकानांना एकमेकांशी जोडणारं नवं सॉफ्टवेअर गेल्या वर्षी आलं. दर दुकानात इंटरनेटचा एक डबा आणि डब्यातून निघायला तीन वाटा: फायबर, सिमकार्ड आणि छपरावरची डिश. कुठली माहिती कुठल्या वाटेनं जाईल हे सॉफ्टवेअर स्वतःच ठरवतं, माणसाला विचारत नाही. आमचे साहेब डॉन ओस्मार यांना हे फार आवडलं, कारण तेही विचारत नाहीत.

सॉफ्टवेअरनं पहिल्याच महिन्यात सांगितलं की ओर्केता गावचं दुकान बेभरवशाचं आहे, रोज दुपारी मरतं, बंद करा.

"डेर्लिस, जाऊन डबा काढून आण," साहेब मला म्हणाले. "आणि म्हातारीला नीट सांग हं. रडवू नकोस."

म्हातारी म्हणजे न्या पोर्फिरिया; वयस्कर बाईला आमच्याकडे मानानं 'न्या' म्हणतात. दुकान तिच्याच घराच्या पुढच्या खोलीत. मी पोचलो तेव्हा तिनं आधी तेरेरे, म्हणजे आमचा बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा चहा, पाजला, मग दाराला कडी घातली आणि डब्याचा प्लग उपटला. लसींचा फ्रिज तेवढा चालू ठेवला.

"न्या पोर्फिरिया, हे काय करताय?"

"झोपवतेय त्याला. सकाळपासून दिवे मिचकावतोय बिचारा. हात लाव, अंगात ताप आहे."

"तो गरमच असतो हो."

"तुला ताप आला की तुझी आई हेच म्हणायची का रे?"

"यामुळेच दुकान बंद करतायत."

तिचा हात तेरेरेच्या थर्मासवर थबकला. "बंद? म्हणजे मी राजधानीत, आसुन्सियोनला, मुलाकडे? नवव्या मजल्यावर?"

"बहुतेक."

"तिथे भिंतीत हूक मारू देत नाहीत, डेर्लिस. बिल्डिंगचा नियम आहे म्हणे. माझा कापडी झोपाळा टांगायचा कुठे? माझी सून दुपारी सोफ्यावर झोपते. बसून!"

"मग डबा चालू ठेवा ना. एवढंच तर आहे."

"ते नाही जमायचं. मी लोळायचं आणि त्यानं राबायचं? वर गेल्यावर देवाला काय तोंड दाखवू?"

हे बोलून ती खरंच झोपली. मी दुसऱ्या झोपाळ्यात लॅपटॉप पोटावर घेऊन विचार करत बसलो. शेवटी सॉफ्टवेअरमध्ये ओर्केताची रोजची दुपार 'ठरलेली देखभाल' म्हणून नोंदवली, ती कायमची. कारण लिहिलं, 'यंत्र थंड होऊ देणे'. यात खोटं काहीच नव्हतं. ठरलेली देखभाल सॉफ्टवेअर बिघाडात धरत नाही, त्यामुळे दुकान बंद करायची सूचना त्यानं आपणहून मागे घेतली. डबा न घेताच मी परतलो.

बाकीच्या दुकानांत वादळं, उंदीर, फोन चार्ज करायला उपटलेले प्लग, असं काही ना काही चालूच होतं. ओर्केताचा डबा मात्र झोप झालेला. पुढच्या महिन्यात सॉफ्टवेअरनं जाहीर केलं की देशातलं सर्वांत भरवशाचं दुकान ओर्केताचं आहे. आणि कुणाला न विचारता कंपनीची सगळी माहिती तिथूनच वळवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी कंपनी बंद पडली. तिसऱ्या दिवशीही पडली, त्याच वेळी. न्या पोर्फिरियाचा फोन लागेना, कारण तोही झोपला होता.

मग साहेब स्वतःच निघाले. गाडी मी चालवत होतो. पोचलो ऐन दुपारी, ती प्लग उपटत होती तेव्हा.

"न्या पोर्फिरिया! थांबा! सगळी कंपनी बंद पडते आहे!"

"सगळी?" तिनं प्लग उपटला. "मग तुम्हाला आता काही काम नाही. बसा."

 तिनं तेरेरे पुढे केलं. साहेबांनी घेतलं.

"तो दुसरा झोपाळा मोकळा आहे," ती म्हणाली. "बूट काढा आधी. आणि माझं दुकान बंद करणार होतात, त्याचं काय झालं?"

"छे! वेड लागलंय का?" साहेब झोपाळ्यात आडवे होत म्हणाले. "तुमचं दुकान बंद केलं तर कंपनी बुडेल."

थोड्याच वेळात दोघंही घोरू लागले. मी जमिनीवर चटई टाकली.

खरं तर सगळी माहिती परत आसुन्सियोनच्या मुख्य कचेरीवरून वळवायला माझा लॅपटॉप पुरे होता, पाच मिनिटांचं काम. पण साहेबांनी मला विचारलं नाही. ते विचारत नाहीत.