तिसऱ्या वळणावरची हलगी

पहिली शिफ्ट चालू असताना महाळुंग्याच्या कंपनीत गेटवरून सयाजीला निरोप आला. वळणावर कंटेनरनं कस्तुराच्या स्कूटीला उडवलं होतं. हातमोजे न काढताच तो धावला. दवाखान्यात बायको चादरीखाली होती.

दोन महिन्यांनी त्याच्या खोलीसमोर सगळी चाळ लोटली. आत त्याची अकरा वर्षांची लेक दिव्या मोबाइलवर गाडीचा गेम खेळत होती. शेजारच्या सुमनताईंनी आणलेल्या महाराजांनी स्पीकरवर हलगी लावली होती. तिसऱ्या वळणावर गाडी आदळली. पुन्हा खेळली, पुन्हा तिथंच.

"बघा! आई वळणावर अडकलीय. पोरीच्या अंगठ्यातून सांगतीय," महाराज म्हणाले. "आत्म्याचं नेटवर्क आहे हे. रेंज फक्त आमच्या हलगीला!"

कुणी हसलं नाही. बायांनी हात जोडले.

"सोडवायचं कसं?" सयाजीनं विचारलं.

"पोरगी वर्षभर मठात ठेवा. शाळा बंद."

दिव्या त्याला बिलगली. "पप्पा, मीच मारते का आईला सारखी?"

सयाजी गारठला. तरी कस्तुरा इथंच कुठंतरी आहे, ही आशा त्याला सोडवेना. दुसऱ्या दिवशी तो शाळेत दाखला मागायला गेला. मुख्याध्यापिका आम्रपाली मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "दाखला देते, पण आधी मला खेळू द्या."

संध्याकाळी महाराजांसमोर, हलगीच्या आवाजात मॅडम खेळल्या. तिसऱ्या वळणावर धडाम!

"माझी आई तर पुनावळ्यात पोळ्या लाटतीय, महाराज. माझ्या अंगठ्यात कोण शिरलं?"

चाळ खदखदून हसली. मॅडमनी स्पीकर बंद केला. दिव्याची गाडी तिसरं वळण पार करून गेली, चौथंही. संथ बासरी लावली, तरी गेली. हलगी लावली, आदळली.

"मॅडमची श्रद्धा कमी पडली," महाराज पुटपुटले.

"श्रद्धा नाही हो, ब्रेक कमी पडला!" मॅडम म्हणाल्या.

आता सयाजीनं नुसती हलगी ऐकली. सुरुवातीला ती सावकाश होती आणि तिसरं वळण येता येता सुसाट सुटत होती. "ओव्हरटाइमला आमचा सुपरवायझर अशीच गाणी लावतो," तो हळूच म्हणाला. "हात पळतात, अन् स्क्रू तिरपे बसतात."

महाराज स्पीकर उचलू लागले. "राहू द्या थोडा वेळ," हे शब्द सयाजीच्या ओठांवर आले होते. ते त्यानं गिळले आणि दिव्याला म्हणाला, "तू कुणाला मारलं नाहीस, बाळा."

बाबांनो, कान पळवतो तसा अंगठा पळतो. गेलेलं माणूस त्यात येत नाही. दुःखात कुणी चमत्कार दाखवला, तर एकदा आवाज बंद करून बघा.

महाराज आता मारुंजीत बसतात. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रारीचा अर्ज मॅडमनी लिहून दिलाय. सयाजीनं त्यावर अजून सही केलेली नाही.