बाह्या कापलेला झगा

मित्रांनो, मी म्हणजे एक जुना झगा. लाल मखमलीचा, अंगभर डाळिंबांची नक्षी असलेला आणि बाह्या नसलेला. दुबईत ऊद मेथा भागातल्या एका शाळेत, नाटकाच्या सामानाच्या पेटीत मी पडून असतो. आता कुणी बाहेर काढलं तरी कंटाळाच येतो.

१९९६ साली मला कॅथरीनबाईंनी शिवलं. त्या मूळच्या वसईच्या, इथे हॉटेलच्या शिवणखोलीत नोकरीला. मुलगी बेव्हर्ली शाळेच्या नाटकात व्हेनिसचा व्यापारी होणार होती, म्हणून ड्यूटी संपवून शारजाला घरी आल्यावर पंधरा दिवस त्या मशीनवर बसल्या. मन लावून शिवलं हो, जुन्या इटालियन चित्रांचं पुस्तक समोर उघडं ठेवून. त्या चित्रांच्या काळी व्हेनिसचे व्यापारी तुर्कस्तानातून कापड आणायचे. श्रीमंतांना ते इतकं आवडलं, की व्हेनिसचे विणकरही तसलीच नक्षी विणू लागले आणि तुर्की धाटणीचा लांब, सैल झगा मिरवणं ही ऐट झाली.

रंगीत तालमीला नाटक बसवणाऱ्या अपर्णा मॅडमनी मला पाहिलं आणि नाक मुरडलं. हा तर तुर्की सुलतान दिसतो, लोक हसतील, म्हणाल्या. बाह्या काढा, गळ्याला झालर लावा. पुस्तक बाईंच्या पिशवीतच होतं. पण शिवणखोलीत समोरच्याला 'नाही' म्हणायचं नाही हा शिरस्ता, वीस वर्षांत तो अंगात मुरलेला. "येस मॅडम," म्हणत त्यांनी कात्री घेतली.

"मम्मा, यू आर राइट. टेल हर ना," बेव्हर्ली रडवेली होऊन म्हणाली.

बाईंनी बाह्या कापल्या. मला दुखलं, खोटं कशाला सांगू? नाटकाला टाळ्या पडल्या, झालरीचं कौतुक झालं. त्यानंतर बाईंनी शाळेसाठी एकही टाका घातला नाही. मी मात्र दरवर्षी कधी राजा, कधी जादूगार होऊन राबलो आणि मग पेटीत कोंबला गेलो.

२००३ साली अपर्णा मॅडम सुट्टीत इटलीला जाऊन आल्या. तिथल्या एका जुन्या चित्रात त्यांना अगदी माझ्यासारखाच झगा दिसला, लांब बाह्यांचा. आल्या आल्या त्यांनी पेटी उपसली आणि बाईंना बोलावून घेतलं.

"चुकलं माझं, कॅथरीनबाई. पुन्हा बाह्या लावाल?"

बाईंनी माझ्यावरून हात फिरवला. "आता खलास, मॅडम. मला सुईचं नेढंच दिसत नाही."

मॅडम रडल्या. मला रडताही येत नाही.

मित्रांनो, दमलोय मी, फार मागत नाही. कुणी जीव ओतून केलेल्या कामाला कात्री लावण्याआधी, 'हे असं का केलंत?' एवढं विचारा. आणि त्या माणसाचे डोळे धड आहेत तोवरच विचारा.